पुष्पपूजेपासून इकेबानापर्यंत

बुद्धमूर्तीसमोर पुष्प अर्पण करण्याची प्रथा धम्माबरोबर आशियाभर पसरली. जपानमधील इकेबाना ही पुष्परचनाकला याच प्रथेतून विकसित झाली, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही.

महाराष्ट्रात ही परंपरा प्राचीन आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांत एका माळ्याच्या दानाचा शिलालेख आहे. फुलांवर उपजीविका करणारा श्रमिक तेथे दाता म्हणून आपले नाव कोरवू शकला, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची होय.

इ. स. च्या सहाव्या शतकात कोरियातून धम्म जपानात पोहोचला. क्योतो येथील रोक्काकुदो मंदिराचे पुजारी तळ्याकाठी राहत; त्यावरून त्यांस ‘इकेनोबो’ म्हणजे तळ्याकाठची कुटी हे नाव पडले. त्यांपैकी सेन्केई यांची पुष्परचना पाहण्यास १४६२ मध्ये नागरिक जमल्याची नोंद आढळते. पुढे १५४२ मध्ये सेन्नो यांनी सुकलेल्या फांदीसही रचनेत स्थान असल्याचे प्रतिपादन केले. पुष्पपूजेच्या गाथेत कोमेजणाऱ्या फुलावरून देहाच्या नश्वरतेचे स्मरण दिले जाते. तोच अनित्यतेचा बोध येथे कलेत उतरला. मात्र रचनेतील तीन प्रमुख फांद्यांचा संबंध त्रिरत्नांशी जोडणे योग्य नव्हे. स्वर्ग, मानव व पृथ्वी ही कल्पना चिनी विचारातून आलेली आहे.

१९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी सोगेत्सु संप्रदाय स्थापिला आणि ही कला शिल्पाप्रमाणे प्रदर्शनाच्या दालनात आली. त्यामुळे तिचे क्षेत्र विस्तारले, परंतु पूजेशी असलेले तिचे नाते सैल झाले.

मुंबईत या इतिहासाची दोन टोके जवळजवळ आहेत. वरळीस निप्पोन्झान म्योहोजी या जपानी संघाचे मंदिर आहे. या संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३१ मध्ये भारतात आले होते. दादरला एकीकडे फुलबाजार आहे, तर दुसरीकडे ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते उद्घाटन झालेला चैत्यभूमीचा स्तूप आहे. अलीकडे तेथे हारांऐवजी वही-पेन अर्पण करण्याचे आवाहन केले जाते. काहींना हा परंपरेचा त्याग वाटतो. वस्तुतः अर्पणाचे मोल फुलांच्या राशीत कधीच नव्हते. इकेनोबोंना एक फांदी पुरेशी वाटली, ती अर्पण करणाऱ्याच्या जागृत चित्तामुळे. विहारात फूल वाहताना उपासकांनी हा अर्थ ध्यानी ठेवावा; मग हाती फूल असो वा वही, पूजा सार्थच होईल.