वाघर, ऊस आणि रात्रीची दुर्बीण

बकरी ईद दोन-तीन महिन्यांवर आली की उजनीच्या फुगवट्यालगतच्या गावांतून मला हमखास एक विचारणा होते. बोकडांच्या राखणीला रात्री दिसणारी दुर्बीण कोणती घ्यावी? बंदुकीवर बसणारी मिळते का? वर्षभर पोसलेली जनावरं एका रात्रीत गेली तर घराचं सगळं गणित कोलमडतं, त्यामुळे हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

उजनीचं काम १९६९ ला सुरू झालं आणि १९८० ला पुरं झालं. त्याआधी करमाळा, माढा, इंदापूर हा मुलूख बराचसा माळरानाचा आणि जिरायतीचा. तिथला रात्रीचा चोर म्हणजे लांडगा, आणि उघड्या माळावर तो लांबूनही नजरेस पडे. धनगर मेंढ्या वाघरीत कोंडत, भोवती कुत्री, शेजारी शेकोटी. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. नावात वाघ ऐकू येतो खरा, पण त्याचं मूळ संस्कृत ‘वागुरा’, म्हणजे शिकारीचं जाळं. सावज धरायचं जाळं धनगरांनी मेंढ्या राखायला लावलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

धरणाने माळावर ऊस आणला आणि उसाने बिबट्याला घर दिलं. दाट आडोसा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याच्या माद्या उसातच पिल्लं वाढवतात.

आता दुर्बिणीकडे. हे मुळात युद्धाचं हत्यार. १९४५ मध्ये अमेरिकन सैनिकांनी ओकिनावाच्या लढाईत जी वापरली, तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा दिवा सोबत लागे. व्हिएतनाममध्ये चांदण्यांचा उजेड कित्येक पटींनी वाढवणारी आली. थर्मल ही तिसरी जात. तिला उजेड लागतच नाही, ती अंगाची उष्णता टिपते. माळावर यातली कोणतीही कामाची. उसात मात्र तिन्ही लंगड्या, कारण थर्मललासुद्धा पाचटाच्या आणि पानांच्या दाटीतून आरपार दिसत नाही. फडाच्या कडेवर नजर ठेवायची असेल तर हातात धरायची साधी थर्मल दुर्बीण पुरते.

बंदुकीवरची कशाला हवी, हा खरा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रात्रीच्या आणि कृत्रिम उजेडातल्या शिकारीवर सुरुवातीपासूनच बंधन घातलं होतं. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. बिबट्या आणि लांडगा दोघेही पहिल्या अनुसूचीत. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना जनावर मेलं तर कायदा सूट देतो. बोकड वाचवताना देत नाही. बोकड गेला तर वनखात्याला कळवून पंचनामा आणि भरपाई, एवढाच रस्ता आहे.

डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन माणसं मारली, तेव्हाही गोळी घालायला वरिष्ठ वनाधिकाऱ्यांचा आदेश लागला. पिंजरे, कॅमेरे, ड्रोन, नेमबाज सगळं आलं. तरी चिखलठाणच्या शेवटच्या बळीनंतर अकरा दिवस तो हाती लागला नाही. १८ डिसेंबरला वांगी परिसरात अकलूजचे धवलसिंह मोहिते पाटील यांनी त्याला टिपलं. सरकारी फौजफाट्याला इतके दिवस लागले, तिथे बाजेवर दुर्बीण लावून बसलेला एकटा गडी काय करणार? अंधारात फडाकडे झाडलेली गोळी पलीकडे कोणाला लागेल, याचाही नेम नाही.

म्हणून मी विचारणाऱ्यांना पैसे गोठ्यावर घालायला सांगतो. कुंपण चारी बाजूंनी असून भागत नाही, बिबट्या वरून उडी मारतो, जाळी छतालाही हवी. दाराला कडी, आत माणूस झोपेल अशी जागा, बाहेर रात्रभर दिवा. थोडक्यात, जुनी वाघरच, फक्त लोखंडाची आणि डोक्यावरूनही बंद.

चिखलठाणचा तो शेवटचा बळी म्हणजे ऊसतोड कामगाराची लहान मुलगी होती. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे येतात, फडालगत कोप्या घालतात, आणि उजाडायच्या आत आईबाप कोयते घेऊन निघतात. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या त्या कोपीला दार नसतं, कडी कुठून असणार. गेल्या हंगामात दुर्बिणीसाठी वर्गणी काढायला निघालेल्या पोरांना मी एवढंच विचारलं, की टोळीच्या कोप्यांवर दिवे लावायला किती खर्च येईल. त्यांनी तिथेच हिशेब मांडला. दुर्बिणीपेक्षा बराच कमी निघाला.