जुन्या शिकारी बंदुका व त्यांचा संग्रह

जुनीं नाणीं, जुनीं चित्रें, जुन्या पोथ्या जमविणारास आपला समाज विद्याव्यासंगी म्हणून ओळखतो. परंतु जुन्या बंदुका जमविणाराकडे मात्र तो अद्यापि संशयानेंच पाहतो. हा संशय अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या वस्तूचा धर्मच प्राण घेणें हा, तिच्या घडणीचें कौतुक करावें कीं नाहीं, हा प्रश्न सुज्ञ मनास पडणें साहजिक आहे. तथापि ज्या वस्तूनें गेल्या दीड शतकांत राज्यें उलथून टाकलीं, अरण्यें ओस पाडलीं आणि क्वचित् प्रसंगीं गांवेंच्या गांवें भयमुक्तही केलीं, तिचा इतिहास न वाचतांच तिच्याकडे पाठ फिरविणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारें नव्हे. म्हणून युरोपांत घडलेल्या बोल्टच्या शिकारी रायफलींची कथा येथें थोडक्यांत सांगून, त्यांचा संग्रह कोणत्या दृष्टीनें व्हावा याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बोल्ट म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या दाराची कडीच होय. मूठ वर उचलावी, कडी मागें ओढावी, काडतूस आंत सारावें, कडी पुढें लोटून मूठ खालीं दाबावी, कीं नळीचें मागलें दार बंद झालें. इतकी साधी युक्ति. पण ती निघण्यापूर्वीं शिपायास बंदूक उभी धरून तिच्या तोंडांतून दारू व गोळी गजानें ठांसावी लागे. ड्रायझे नांवाच्या जर्मन कारागिरानें ही कडीची बंदूक सिद्ध केली व १८४१ मध्यें प्रशियानें ती आपल्या फौजेकरितां पत्करली. ३ जुलै १८६६ रोजीं कोनिगग्रात्झच्या रणांगणावर प्रशियन शिपाई जमिनीवर पडून बार भरीत होता आणि ऑस्ट्रियन शिपायास त्यासाठीं उभें राहावें लागत होतें. त्या दिवसाच्या निकालास इतरही कारणें होतीं. परंतु या एका भेदाचा धडा सर्व युरोपनें घेतला.

तो धडा पूर्णत्वास नेणारे दोघे भाऊ वुर्टेंबर्ग राज्यांतील ओबेर्नडॉर्फ या लहानशा गांवचे. नेकार नदीच्या कांठीं असलेल्या या गांवीं ऑगस्टिनियन संन्याशांच्या एका जुन्या मठांत राजाचा शस्त्रांचा कारखाना होता, व तेथेंच त्यांचा बाप कारागीर होता. वडील भाऊ विल्हेल्म व्यवहारांत चतुर. धाकटा पाउल माउझर (जन्म १८३८) हा जात्याच कल्पक. त्यांची ११ मिलिमीटर व्यासाची बंदूक १८७१ मध्यें नव्या जर्मन साम्राज्यानें स्वीकारली. १८८२ मध्यें विल्हेल्म वारला. त्यानंतर दोनच वर्षांनीं व्हिएय् या फ्रेंच रसायनज्ञानें धूर न करणारी दारू शोधून काढली आणि १८८६ च्या फ्रेंच लेबेल बंदुकीनें तिचें सामर्थ्य जगास दाखविलें. गोळी लहान झाली, तिचा वेग वाढला. परंतु नळींतील दाबही भयंकर वाढला व जुन्या कड्या त्यापुढें अपुऱ्या पडूं लागल्या. माउझरनें १८८९ मध्यें बेल्जमसाठीं, १८९३ मध्यें स्पेनसाठीं अशा एकामागून एक सुधारणा करीत १८९८ चा नमुना तयार केला. त्यांत बोल्टच्या पुढल्या टोंकाशीं दोन भक्कम खुंटे आहेत, आणि तेही दगा देतील तर म्हणून मागें तिसरा राखीव आहे. काडतूस फुटलेंच तर कोंडलेला वायु नेमबाजाच्या डोळ्यांत न जातां बाजूस निघून जावा अशीं भोंकें आहेत. एक लांब पोलादी आंकडा काडतूस पेटींतून वर येतांच त्याची कडा पकडतो व तें बाहेर फेंकलें जाईपर्यंत सोडीत नाहीं. चवताळलेलें जनावर समोर असतां घाईनें हात चालला तरी काडतूस अडकूं नये, याची हमी हा आंकडा देतो. पुढें शंभर वर्षें निघालेल्या बहुतेक बोल्टच्या बंदुकांत या नमुन्याचें कांहीं ना कांहीं ऋण आढळतें.

युद्धासाठीं घडलेलें हें यंत्र रानांत कसें शिरलें, हाही मनोरंजक विषय आहे. १८९९ ते १९०२ च्या युद्धांत बोअर शेतकऱ्यांनीं ७ मिलिमीटरच्या माउझरनें इंग्रज फौजेस जेरीस आणलें. तुर्कांनींही माउझरच घेतली होती. १९१५-१६ मध्यें कुतच्या वेढ्यांत सांपडलेल्या आमच्या मराठा पलटणींनीं समोरून जे बार झेलले ते प्रायः याच वाणाच्या बंदुकांचे. इकडे डब्लिन येथें १७७५ मध्यें स्थापन झालेल्या व पुढें लंडनांत आलेल्या रिग्बी कंपनीनें ओबेर्नडॉर्फहून हीं यंत्रें आणवून त्यांवर इंग्रजी धाटणीचे दस्ते व नळ्या चढविण्यास आरंभ केला. बोअरांचें तेंच काडतूस इंची मापांत '०·२७५ रिग्बी' म्हणून शिष्टसंमत झालें. मोठ्या जनावरांसाठीं १९११ मध्यें ०·४१६ रिग्बी व १९१२ मध्यें हॉलंड आणि हॉलंडचें ०·३७५ हीं काडतुसें निघालीं.

या मापांच्या इतिहासांत हिंदुस्थानचाही हात आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १९०७ च्या सुमारास सरकारनें हिंदुस्थानांत ०·४५० इंची काडतुसांस बंदी केली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुका बंडखोरांच्या हातीं गेल्यास त्यांना शिकाऱ्यांच्या दारूगोळ्याची मदत होईल, ही त्यामागील भीति. मग इंग्रज कारागिरांनीं ०·४६५, ०·४७० अशीं नवीं मापें काढलीं. लंडनच्या दुकानांतील एका नळीवरचा हा आंकडा म्हणजे राज्यकर्त्यांच्या मनांतील धास्तीची नोंदच होय.

माउझरच्या बरोबरीनें ज्या दुसऱ्या बंदुकीचें नांव संग्राहक आदरानें घेतात ती ऑस्ट्रियांतील स्टायर येथील मानलिखर-शोनाउअर. फर्डिनांड मानलिखर हा मूळचा रेल्वेचा इंजिनिअर. त्याच्या बोल्टला ओटो शोनाउअरनें फिरकीच्या पेटीची जोड दिली. पांच काडतुसें फिरकीच्या खांचांत बसतात व एक सुटलें कीं फिरकी वळून दुसरें वर देते. १९०३ मध्यें ग्रीसनें ही लष्करासाठीं घेतली, पण तिची कीर्ति झाली ती शिकारी कार्बाईन म्हणून. अक्रोडाचा दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेला, मूठ चपटी व अंगासरशी वळलेली, आणि बोल्टची चाल इतकी मऊ कीं तुपांत पळी फिरावी. हेमिंग्वेच्या १९३६ च्या फ्रान्सिस मॅकोम्बरवरील कथेंत नायकाच्या पत्नीच्या हातून जो घातक बार सुटतो तो याच ६·५ मिलिमीटर मानलिखरचा.

आतां या बंदुकांची दुसरी बाजू. स्कॉटलंडच्या बेल नांवाच्या शिकाऱ्यानें आफ्रिकेंत हजारांहून अधिक हत्ती मारले व त्यांतील बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या लहानशा गोळीनें. हत्तीच्या कवटीच्या रचनेचा त्याचा अभ्यास इतका सूक्ष्म होता कीं जड बंदुकीची त्यास गरजच भासली नाहीं. कौशल्य निर्विवाद, पण तें सारें हस्तिदंताच्या व्यापारासाठीं खर्चीं पडलें. याच्या उलट, नेपाळ व कुमाऊं मिळून ४३६ माणसांचा बळी घेणारी चंपावतची वाघीण १९०७ मध्यें मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यास संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्यूएट यांनीं त्याच ०·२७५ मापाची रिग्बी बंदूक भेट दिली. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या १९२६ मध्यें तिनेंच पडला. काडतूस एक, यंत्र एक. एकाचा जमाखर्च हस्तिदंताच्या वजनांत, दुसऱ्याचा वांचलेल्या माणसांत. यंत्राच्या गुणावरून त्याच्या उपयोगाचा न्याय करतां येत नाहीं, आणि उपयोगाच्या दोषावरून यंत्राचा गुणही नाकारतां येत नाहीं. संग्राहकानें दोन्ही खातीं उघडीं ठेविलीं पाहिजेत, असें आमचें मत आहे.

तीं उघडीं ठेवणें कठीण झालें आहे याचें कारण १९४५. महायुद्धाच्या अखेरीस ओबेर्नडॉर्फ फ्रेंच फौजेच्या ताब्यांत गेलें. कारखाना मोडण्यांत आला आणि तेथील फौजी अधिकाऱ्याच्या हुकुमानें त्याचीं दप्तरें जाळण्यांत आलीं. कोणती बंदूक कोणत्या वर्षीं, कोणासाठीं घडली याचा लेखी पुरावा अशा रीतीनें बव्हंशीं नष्ट झाला. ज्या महाराष्ट्रांत एका फाटक्या बखरीसाठीं संशोधकांनीं गांवोगांव पायपीट केली, तेथील वाचकांस या हानीचें मोल सांगावयास नको. दप्तर गेलें म्हणजे प्रत्येक शिल्लक बंदूक हाच एक ताम्रपट उरतो.

या ताम्रपटास लिपि आहे. १८९१ च्या कायद्यान्वयें जर्मनींत प्रत्येक नळीची दुप्पट जोराच्या नव्हे तरी नेहमींहून अधिक जोराच्या बारानें परीक्षा होऊन तिच्यावर छाप उठविला जाई. मुकुटाखालीं 'यू' हें अक्षर म्हणजे परीक्षेनंतर तपासलेली, 'जी' म्हणजे आंत आटे पाडलेली. १९३९ च्या नव्या कायद्यानें हे मुकुट जाऊन गरुड आला. तेव्हां मुकुटाची नळी गरुडाच्या आधींची, हें सांगण्यास दप्तर लागत नाहीं. लंडन, बर्मिंगहॅम, लिएज, व्हिएन्ना या प्रत्येक परीक्षागृहाचे छाप वेगळे. बोल्ट, नळी व दस्ता यांवरील क्रमांक जुळतात कीं नाहीं, दस्त्याच्या टोंकास इंग्रजी रबर आहे कीं जर्मन शिंगाचा तुकडा, यावरून तिचा प्रवास वाचतां येतो.

आणि म्हणूनच हौशी संग्राहकांच्या एका सवयीविषयीं आम्हांस तीव्र नापसंति व्यक्त केली पाहिजे. बंदूक हातीं येतांच ती घांसून तिच्यावर नवी निळी झिलई चढवावी, दस्ता खरवडून लखलखीत करावा, असा मोह अनेकांस होतो. पोलाद घांसतांना पहिले जातात ते बारीक छाप. दस्ता खरवडतांना जातात त्या मूळ कारागिरानें हातानें कोरलेल्या जाळीच्या रेघा. ताम्रपट चकचकीत करण्यासाठीं अक्षरें पुसून टाकणाऱ्यास आपण काय म्हणूं? थोडें तेल, कोरडी जागा आणि निगुतीनें लिहिलेलें टिपण, एवढीच या वस्तूची खरी सेवा होय.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपविलें, आणि तें योग्यच झालें. योगायोग असा कीं, जुन्या धर्तीची मानलिखर-शोनाउअर घडणेंही त्याच सुमारास थांबलें. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानाधारकास तीनऐवजीं दोनच बंदुका बाळगण्याची मुभा उरली व तिसरी पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करणें प्राप्त झालें. कायद्याच्या हेतूविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु ज्या घरीं आजोबा-पणजोबांची अशी एखादी बंदूक असेल, त्या घरच्या मंडळींनीं ती हातावेगळी करण्यापूर्वीं तिच्यावरील छापांचें छायाचित्र व क्रमांक टिपून ठेवावे, ती कोणीं, कोठून, कशासाठीं आणली हें घरांतील वृद्धांस विचारून लिहावें. तिनें किती जनावरें पाडलीं हेंही लाज न बाळगतां लिहावें. ओबेर्नडॉर्फचीं दप्तरें शत्रूच्या हुकुमानें जळालीं. आपलीं केवळ आळसानें नाहींशीं होऊं नयेत.