उघड्या टपाच्या मोटारीचा गंजलेला तळ : ‘एमजीबी’च्या पुनरुज्जीवनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

औद्योगिक वारशाचा विचार करताना कारखान्यांच्या वास्तू, यंत्रे व कागदपत्रे यांकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. जुनी मोटार मात्र बहुधा हौसेचा विषय मानली जाते. वास्तविक मोटार हाही त्या काळच्या उत्पादनपद्धतीचा पुरावा असतो आणि हा पुरावा सर्वांत आधी नष्ट होतो तो तळाच्या पत्र्यात. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील ‘एमजीबी’ (१९६२-१९८०) या मोटारीच्या उघड्या टपाच्या प्रकाराचे उदाहरण घेऊन तळाची दुरुस्ती आणि मोटारीचे अस्सलपण यांच्या संबंधाचा विचार केला आहे.

तळाचे बदललेले स्थान

एमजीबीच्या आधीच्या ‘एमजीए’ (१९५५-१९६२) या मोटारीला स्वतंत्र चॅसिस होती. तिचा तळ म्हणजे चॅसिसवर स्क्रूने बसविलेल्या प्लायवुडच्या फळ्या होत. फळी कुजली तर ती बदलावी, मोटारीच्या बळकटीला त्यामुळे बाध येत नसे. सिडनी एनेव्हर यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या एमजीबीत स्वतंत्र चॅसिस वगळण्यात आली व पत्र्याचा सांगाडाच भार वाहू लागला. वजन आटोक्यात राहिले, आत जागा वाढली. परंतु तळ आता केवळ पाय ठेवण्याची जागा राहिला नाही.

बंद मोटारीत टप व त्याचे खांब सांगाड्याला वाकू देत नाहीत. टप नसेल तर हे काम तळाचा पत्रा, मधला बोगदा आणि दरवाज्यांखालून जाणाऱ्या पोकळ तुळया, म्हणजेच सिल, यांना करावे लागते. खोक्याचे झाकण कापून काढले की उरलेले खोके सहज पिळवटते. उघड्या मोटारीची स्थिती नेमकी अशीच असते.

गंजाची कारणे

तळावर पाणी दोन्ही बाजूंनी येते. कापडी टपातून झिरपलेले पाणी गालिच्याखाली साठून राहते. तर ब्रिटनच्या हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ चाकांमुळे खालून उडते. सिल अनेक पत्रे जोडून केलेली असते. जेथे पत्र्यावर पत्रा ठेवून ठिपक्यांनी वेल्डिंग केलेले असते, तेथे रंग पोहोचत नाही. पाणी निचऱ्याची भोके चिखलाने बुजली की गंज आतून बाहेर वाढतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतील पत्रा बहुधा संपलेला असतो.

ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. पुढे भारवाहक भागातील गंज हे मोटार नापास होण्याचे कारण ठरू लागले. अशा रीतीने तळाची दुरुस्ती हा मोटार रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, याचा निर्णय करणारा प्रश्न बनला.

दुरुस्तीची रीत

या दुरुस्तीत क्रमाला फार महत्त्व आहे. पत्रा कापण्यापूर्वी दरवाज्याच्या पोकळीत तात्पुरते लोखंडी आधार जोडतात व दरवाज्याभोवतीच्या फटी मोजून ठेवतात. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावत नाहीत. अन्यथा सांगाडा मध्ये खचतो व त्याच स्थितीत वेल्डिंग झाल्यास वाकडेपणा कायमचा होतो. जुने वेल्डिंगचे ठिपके भोके पाडून सोडवितात आणि गंजका भाग निकोप पत्रा लागेपर्यंत कापतात. नव्या पत्र्याच्या कडेला भोके पाडून, त्यांतून वेल्डिंग भरून तो जोडतात. शेवटी सांधे सांधमसाल्याने बंद करून पोकळ भागांत मेणयुक्त संरक्षक द्रव्य फवारतात. गंजावर नुसते ठिगळ लावल्यास आतील क्षय चालूच राहतो व बळकटीचा केवळ आभास निर्माण होतो.

साचे आणि अस्सलपण

१९८० मध्ये ॲबिंग्डन येथील कारखाना बंद झाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेने मूळ साचे जमवून १९८८ मध्ये एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे तयार करण्यास प्रारंभ केला. या कामाच्या आधारे १९९०च्या दशकात ‘एमजी आरव्ही-८’ ही नवी मोटारही निघाली. मालकाला आता तळ दुरुस्त करण्याऐवजी जुने इंजिन व आस नव्या सांगाड्यात बसविता येऊ लागले.

येथे मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. साचा तोच, आकारही तोच. म्हणून मोटारही तीच मानावी काय? आकार व रचना यांना महत्त्व दिल्यास उत्तर होकारार्थी येते. परंतु मूळ कामगारांच्या वेल्डिंगच्या खुणा, रंगाचे थर आणि पूर्वीच्या दुरुस्त्या हाच इतिहास मानल्यास कापून टाकलेल्या प्रत्येक पत्र्याबरोबर पुरावाही नष्ट होतो. वास्तुसंवर्धनासंबंधीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेपासून प्रेरणा घेऊन जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. शक्य तितका कमी हस्तक्षेप आणि केलेल्या कामाची नोंद यांवर तिचा भर आहे.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न भारतातही अप्रस्तुत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चॅसिस, सांगाडा वा इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा, अशी तीत अपेक्षा आहे. ज्या मोटारीचा तळ हाच सांगाडा आहे, तिच्या बाबतीत ‘दुरुस्ती’ कोठे संपते व ‘फेरबदल’ कोठे सुरू होतो, हे ठरविणे सोपे नाही.

निष्कर्ष

गंजलेला तळ तसाच ठेवणे म्हणजे पुरावा जपणे नव्हे. कारण उघड्या मोटारीत तळ गेला की मोटारच जाते. मात्र सबंध सांगाडा बदलणे हा शेवटचा उपाय असावा. कापण्यापूर्वीची छायाचित्रे, मोजमापे, नव्या पत्र्यावरील ओळखखूण आणि जुन्या पत्र्याचा राखून ठेवलेला तुकडा, एवढे जरी झाले तरी सुरक्षितता व इतिहास यांचा मेळ बसू शकतो. वस्तुसंग्रहालयातील अभ्यासकाने जी शिस्त पाळावी, तीच वेल्डिंग करणाऱ्या कारागिराने पाळली, तर त्याची कार्यशाळा हीही इतिहासलेखनाची जागा ठरेल.