हिप-हॉप

१२. हिप-हॉप : लेखकाने येथे फक्त रॅप गाण्यांचा विचार केला आहे. डीजेचे वादन, जमिनीवर अंग झोकून केलेले ब्रेकिंग नृत्य आणि भिंतींवरची ग्राफिटी हेही हिप-हॉपच. त्यातला नाच वगळला तर गाण्याचा उगमच कळत नाही. महामार्गासाठी वस्त्या उठवल्यावर उजाड होत गेलेल्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कृष्णवर्णीय, कॅरिबियन आणि पोर्तो रिकन मुलांनी हे सारे घडवले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी तिला पैसे हवे होते. रेकॉर्ड लावायला होता तिचा जमैकात जन्मलेला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गायन थांबून नुसता ताल उरतो, त्या काही सेकंदांत मुले बेभान नाचतात, हे त्याने हेरले होते. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटूनपालटून वाजवत राही. त्या लांबवलेल्या तालावर नाचणारे ते बी-बॉय आणि माइकवरून त्यांना चेतवणारा तो एमसी. रॅप वाढले ते या चेतवण्यातून. – संपा.