डिस्पोजलची जीप ते दीड कोटीची एसयूव्ही

नवीन घ्यावी की सेकंडहँड? आमच्या ऑफिसात सध्या हा राष्ट्रीय प्रश्न झालाय. तीन-चार वर्षं वापरलेली जर्मन एसयूव्ही, तीनशेच्या वर घोडे, आत कातडी सीटा, वर काचेचं छत, आणि किंमत नव्या फॉर्च्युनरच्या आसपास. म्हणजे मोह होणारच. मग एक्सेल शीटा बनतात, रकाने वाढतात, आणि शेवटी गाडी घेण्याचं कारण म्हणून एक ओळ हमखास येते : "ताडोबाला जाता येईल." आता ही ओळ आली की मला राहवत नाही, कारण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलानं हा नवी-जुनीचा प्रश्न आपल्या आधी पाऊणशे वर्षं हाताळलाय. आणि त्याचं उत्तर कुठल्याही शोरूमला आवडणारं नाही.

सुरुवात अर्थातच जीपपासून. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. २.२ लिटरचं इंजिन, जेमतेम ६० अश्वशक्ती, वजन टनाच्या थोडं वर. दारं नाहीत, छत म्हणजे ताडपत्री. युद्ध संपलं आणि हिंदुस्थानात राहिलेला सैन्याचा माल सरकारनं विकायला काढला. "डिस्पोजलची जीप" हा शब्द जुन्या पिढीच्या तोंडी अजून ऐकू येतो, तो तिथला. पुढे महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून विलीज जीपा बनवायला सुरुवात केली, त्यामुळे नवी जीपही मिळू लागली. पण जंगलातली पहिली फोर व्हील ड्राइव्ह ही सेकंडहँड होती, हे लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळासुद्धा याच प्रश्नावर झाला! १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी जीपा तातडीनं हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून रिकंडिशन्ड जीपांचा करार केला. पहिल्या खेपेत १५५ जीपा उतरल्या आणि त्या वापरण्याजोग्या नाहीत म्हणून लष्करानं नाकारल्या. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं आणि १९५६ मध्ये मेनन मंत्री झाले. गाडी न बघता, न चालवून पाहता, नुसत्या "रिकंडिशन्ड" शब्दावर पैसे मोजायचे नसतात, हे देशाला तेव्हाच कळायला हवं होतं. आपण अजून ऑनलाइन फोटो बघून टोकन भरतो. असो.

तर ही जीप मध्य भारतातल्या जंगलात आली आणि तिनं शिकारीचा हिशोबच बदलला. त्याआधी वाघ मारायचा म्हणजे हाकारे, मचाण, हत्ती, दिवसेंदिवसाची बसकण. जीप आल्यावर संध्याकाळी निघायचं, सर्चलाइट टाकायचा, डोळे चमकले की बार काढायचा. कायद्यात बसत नसलं तरी चालायचं. शिवाय पैसेवाल्या परदेशी पाहुण्यांसाठी रीतसर शिकारकंपन्या होत्या. त्यातली नागपूरची अल्विन कूपर ही विद्याचरण शुक्लांनी काढलेली. हो, तेच, आणीबाणीतले नभोवाणीमंत्री. ताडोबा १९५५ मध्येच राष्ट्रीय उद्यान झालं होतं, पण आजूबाजूच्या जंगलात बंदुका चालूच होत्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मग तो धंदा बसला.

जीप मात्र बसली नाही. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला आणि जीपच्या जागी जिप्सी.

मारुतीनं जिप्सी आणली १९८५ च्या अखेरीस. ९७० सीसीचं इंजिन, ४५ अश्वशक्ती. आजची साधी हॅचबॅकही याहून ताकदवान असते. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली, तरी कागदावर बघाल तर हसाल. पण गाडीचं वजन टनभरसुद्धा नव्हतं, आणि सगळी मेख तिथेच आहे. हलकी गाडी वाळूत रुतत नाही, चिखलातून चार माणसं उचलून काढतात. पेट्रोल इंजिन डिझेल जीपच्या मानानं शांत, म्हणजे सांबराचा कॉल ऐकू येतो. लोखंडी पट्ट्यांची लीफ स्प्रिंग मोडली तर गावातला लोहारसुद्धा काहीतरी करून देतो. (आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड उघडा आहे, कोणीही दुरुस्त करा.)

नागरी ग्राहकांसाठीची जिप्सी २०१९ पर्यंत संपली. तरी मोहर्ली किंवा कोलारा गेटवर पहाटे पाच वाजता उभे राहा, रांगेत काय दिसतं ते बघा. छत काढलेल्या, मागे उंच सीटा ठोकलेल्या, दोन-तीन मालक बघितलेल्या जिप्सी. आसपासच्या गावांतल्या पोरांनी कर्ज काढून घेतलेल्या, आणि घरच्या माणसाइतक्या सांभाळलेल्या. पूर्वी ताडोबात स्वतःची गाडी आत नेता यायची. आता नोंदणी असलेल्या सफारी गाडीतूनच जायचं. म्हणजे तुमची ती दीड कोटीची एसयूव्ही गेटबाहेर झाडाखाली, आणि तुम्ही धूळ खात जिप्सीत!

या "लक्झरी परफॉर्मन्स" प्रकरणाचा उगमही बघण्यासारखा आहे. १९७० ची पहिली रेंज रोव्हर ही शेतावरची जरा बरी गाडी होती. आतून पाण्यानं धुता यावी म्हणून रबराच्या मॅट आणि प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड. लाकूड, कातडी वगैरे थाट नंतरचा. मग २००२ मध्ये पोर्शनं कायेन काढली. तिच्यातली टर्बो म्हणजे ४५० अश्वशक्ती आणि वजन सव्वादोन टनांच्या वर. म्हणजे दोन जिप्सी एकावर एक ठेवा आणि वर बैलगाडी. ही गाडी जर्मनीतल्या हायवेवर काय सुंदर पळते! पण तिची ताकद वापरायला तिला तसा रस्ताही लागतो. खड्ड्यात मोठ्या चाकाच्या बुटक्या टायरची बाजू फाटते, एअर सस्पेन्शनची पिशवी गळते, आणि चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांत सगळी इलेक्ट्रॉनिक्स घाम गाळते. वॉरंटी संपलेली असेल तर मग गाडी ट्रकवर चढवून नागपूर, दीडशे किलोमीटर. घ्यायचीच असेल तर माझं मत विचाराल तर जुनीच घ्या, पण सर्व्हिसची पूर्ण नोंद, वाढीव वॉरंटी आणि छोट्या रिमचे टायर, या तिन्हींशिवाय नको. आणि "जंगलासाठी घेतोय" असं म्हणू नका.

कारण खरं जंगल वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीत आहे. जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी हा सगळा चांद्याचाच भाग. इथल्या साग वाहून नेणाऱ्या हत्तींचा कमलापूरचा कॅम्प अजून आहे, राज्यातला एकमेव सरकारी. चार पायांची फोर व्हील ड्राइव्ह! १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात तो भाग महिनोन्‌महिने तुटायचा. गाडी कुठलीही असो, पर्लकोटेला पूर आला की भामरागड बेट. पेशंट खाटेवर घालून, खांद्यावरून यायचे. अलीकडच्या पावसाळ्यांतही अशा बातम्या आल्यात, हे विसरून चालणार नाही.

आणि १९८० नंतर इथे रस्ता हीच धोक्याची गोष्ट झाली, कारण नक्षलवाद्यांचा सुरुंग रस्त्याखाली असतो. तुमची ० ते १०० किती सेकंदांत, याला तिथे अर्थ नाही. १९९० मध्ये उभं राहिलेलं पोलिसांचं सी-६० पथक म्हणूनच जंगलातून पायी चालतं. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला शीघ्र कृती पथकाचे १५ जवान एका खाजगी गाडीतून निघाले होते. त्याच पहाटे दादापूरला रस्त्याच्या कंत्राटदाराची वाहनं जाळली होती, तिकडे जायला. वाटेत स्फोट झाला. पंधरा जवान आणि त्या गाडीचा ड्रायव्हर, कोणीच वाचलं नाही. शिकारकंपनी काढणारे विद्याचरण शुक्लसुद्धा शेवटी शेजारच्या बस्तरच्या जंगलात, २५ मे २०१३ ला, झीरम घाटीत गाड्यांच्या ताफ्यावर झालेल्या नक्षली हल्ल्यात जखमी झाले आणि ११ जूनला गेले. हे वाचलं तेव्हा मी स्क्रीनसमोर बराच वेळ गप्प बसून होतो.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटतंय. पूल झाले, रस्ते झाले, सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि त्यांनी रस्त्यांची जी दशा केली त्यावर गावकरी ओरडतही असतात. पण माझ्या मते या जिल्ह्यातल्या वाहनांच्या इतिहासात सगळ्यात मोठी तारीख १ जानेवारी २०२५ ही. त्या दिवशी अहेरी ते गर्देवाडा एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी त्या भागात आलेली ही पहिली बस. हिरवा झेंडा दाखवायला मुख्यमंत्री गेले होते, आणि मग स्वतः त्याच बसमध्ये बसले.