सुटली, लागली, सुटली

माझ्या वडिलांनी सिगारेट किती वेळा सोडली, याचा हिशेब आमच्या घरात कुणी ठेवला नाही. पाडव्याला सोडत. गणपतीपर्यंत बडीशेपेची डबी खिशात असे. मग एखाद्या संध्याकाळी शर्टाला पुन्हा तो वास येई. आई काही बोलत नसे, मी मात्र बोलायचो. ‘बाबा, एवढंसं पाकीट, तेही तुम्हाला सोडता येत नाही?’ असे मी एकदा त्यांना चार पाहुण्यांसमोर म्हणालो होतो. पुढे सिगारेट सोडणाऱ्यांचा इतिहास वाचत गेलो आणि ते वाक्य मला फार टोचू लागले.

ओढणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे, सोडणाऱ्यांचा शोधावा लागतो. तो लंडनच्या इस्पितळांपासून सुरू करावा असे मला वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे रोगी झपाट्याने वाढू लागले होते. कारण शोधण्याचे काम ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल यांच्याकडे आले. डॉल यांचा पहिला संशय रस्त्यावरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता. ते स्वतः सिगारेट ओढत. रोग्यांना प्रश्न विचारता विचारता उत्तर भलतीकडेच निघाले आणि काम पुरे व्हायच्या आतच डॉल यांनी आपली सिगारेट सोडली. १९५०च्या सप्टेंबरात निष्कर्ष छापून आला. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे होते फक्त २.

त्याच वर्षी अमेरिकेतूनही असाच निष्कर्ष आला. तो काढणाऱ्यांत इव्हार्ट्स ग्रॅहम हे नामवंत शल्यविशारद होते. कॅन्सर झालेले अख्खे फुप्फुस यशस्वीपणे काढण्याची शस्त्रक्रिया १९३३ साली त्यांनीच केली होती. स्वतःच्याच निष्कर्षांमुळे या सिगारेटबाज माणसाने सिगारेट सोडली, पण तोवर उशीर झाला होता. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. आपल्या मुंबईतही त्याच दशकात डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि त्यांचे सहकारी तंबाखू व कॅन्सर यांचा संबंध तपासत होते. तंबाखू ओढणे आणि चघळणे, दोन्हींवरचा त्यांचा लेख १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली. ४० हजारांवर डॉक्टरांनी उत्तरे दिली आणि पुढे ५० वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. यात गंमत अशी की, ज्यांच्यावर अभ्यास चालला होता तेच अभ्यासाचे निकाल वाचत होते. सर्वसामान्य लोकांच्या कितीतरी आधी या डॉक्टरांनी सिगारेट टाकायला सुरुवात केली. त्या काळी गोळ्या नव्हत्या, च्युइंग गम नव्हता, समुपदेशन हा शब्दही नव्हता. त्यांना माहिती होती हे खरे. पण शेजारच्या टेबलावरचा डॉक्टरही सोडतो आहे, हे रोज डोळ्यांसमोर दिसत होते, याचाही त्यात मोठा वाटा असावा, असा माझा अंदाज आहे.

कारण नुसत्या माहितीने काय होते, ते १९५४च्या फेब्रुवारीत दिसले. ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकारांना बोलावून सिगारेट आणि कॅन्सर यांचा संबंध मान्य असल्याचे जाहीर केले. ते सांगताना मंत्रिमहोदय स्वतः एकामागून एक सिगारेट ओढत होते! ते ढोंग नव्हते. तलफ ती तलफ. पण तलफेला आजार म्हणायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. १९६४ सालच्या अमेरिकी सर्जन जनरलच्या गाजलेल्या अहवालाने तिला नुसती ‘सवय’ म्हटले. १९८८च्या अहवालात मात्र निकोटीनचे व्यसन हेरॉइन-कोकेनच्या जातीचे आहे, असे स्पष्ट लिहिले गेले. मधली २४ वर्षे जगभरचे बाप आपल्या मुलांची बोलणी खात होते.

तोवर एका वेगळ्याच ठिकाणाहून मदत निघाली होती. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आले की, पाणबुडीतले खलाशी अशा वेळी तंबाखू चघळतात आणि त्यांची तलफ भागते. १९६७ साली त्यांनी हे औषध कंपनीत काम करणारे आपले मित्र ऊवे फेर्नो यांना पत्राने कळवले. फेर्नो स्वतः पट्टीचे सिगारेटबाज. त्यांनी निकोटीनचा च्युइंग गम करायला घेतला. निकोटीन एकदम सुटून चालणार नव्हते, म्हणून ते रेझिनमध्ये बांधले. बाजारात यायला १९७८ साल उजाडले. हा गम जादूची कांडी नाही. आजच्या पाहणीनुसार अशा निकोटीन औषधांनी सोडण्यात यश येण्याची शक्यता साधारण दीडपट होते, एवढेच.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९७९चा, मायकेल रसेल यांचा लंडनमधला प्रयोग. साध्या फॅमिली डॉक्टरांनी रोग्याला दोन मिनिटे थांबवून ‘सिगारेट सोडा’ म्हणायचे, एक पत्रक द्यायचे आणि ‘पुन्हा विचारीन’ असे बजावायचे. वर्षभराने असे १०० पैकी ५ जण सुटलेले होते. ज्यांना कुणी काहीच म्हटले नव्हते, त्यांच्यात हजारी ३. पाच हा आकडा छोटा वाटेल. पण एका गावातल्या सगळ्या डॉक्टरांनी वर्षभर प्रत्येक ओढणाऱ्याला असे थांबवले तर? त्यांनी टोमणा मारायचा नव्हता, हेही लक्षात घ्या.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या १२ हजारांवर माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासून २००८ साली निघालेला निष्कर्षही असाच आहे. माणसे एकेकटी कमी, घोळक्याने जास्त सोडतात. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली, तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते.

वडिलांची शेवटची सुटली ती साठाव्या वर्षी. रोज सकाळी टपरीवर ते तिघे जमत. त्यांतल्या एकाला हृदयविकाराचा झटका आला. तो बरा होऊन आल्यावर तिघांनी टपरीच बदलली आणि जिथे सिगारेट मिळत नाही अशा चहावाल्याकडे बसू लागले. डॉल यांच्या डॉक्टरांचा ५० वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. तिशीत सोडली तर आयुष्याची सरासरी १० वर्षे वाचतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडली तरी ३. मी तो वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘तीन का होईना.’ आणि डबी उघडून त्यांनी माझ्यापुढे बडीशेप धरली.