एका भोकाची बखर

इस्लामपूरच्या एस. टी. स्टँडाबाहेर मोबाइलच्या सामानाच्या टपऱ्या आहेत. कानात घालायच्या वायरी तेथे तोरणासारख्या लटकलेल्या असतात. (गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ साली जाहीर केला, पण जुन्या गोष्टी आम्हांला जुन्याच नावाने आठवतात.) मावशींसाठी त्यांतली एक वायर घ्यायला गेलो, तर टपरीवाल्याने आधीच विचारले, "मोबाइलला भोक हाय का?"

नव्हते. नव्या फोनला भोक एकच, आणि तेही बॅटरी भरण्याचे!

वाचकहो, या हरवलेल्या भोकाचे कुळ पाहू गेले तर मोठे खानदानी निघते. टेलिफोन नुकताच जन्मला होता तेव्हा, १८८० च्या आगेमागे, शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नरने तारा जोडण्याची एक कळ काढली. ती दिसायला मिटणाऱ्या चाकूसारखी, म्हणजे जॅकनाइफसारखी. त्यावरून 'जॅक' हे नाव पडले, ते कायमचे. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. पुढे ट्रंक कॉलच्या जमान्यात गावोगावच्या ऑपरेटरांनी पाव इंच जाडीच्या पिना भोकांत खुपसून किती सोयरिकी जुळवल्या आणि किती मयतीच्या बातम्या पोचवल्या, त्याला गणती नाही. खेड्यांतली ही पिन हटू लागली ती १९८६ पासून. त्या साली बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला १२८ लाइनींचे स्वदेशी स्वयंचलित एक्स्चेंज बसले.

पण भोकाचा वंश बुडाला नाही, तो बारीक झाला. ट्रान्झिस्टर आला आणि साडेतीन मिलिमीटरची पिन आली. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले, तेव्हा उसाच्या बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून शेतीचा कार्यक्रम ऐकणारे आमच्याकडे पुष्कळ होते. १९७९ साली वॉकमनने ही पिन जगभर नेली. तुमच्याकडे जुनी वायर असेल तर पिनेवरच्या काळ्या रेघा मोजून पाहा. दोन असतील तर दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज. तीन असतील तर बोलण्याचीही सोय. काम वाढले तरी जाडी तीच राहिली, म्हणून वॉकमनची वायर परवापरवापर्यंत मोबाइललाही चालत असे.

मग ७ सप्टेंबर २०१६ उजाडला. ॲपलने आयफोन ७ मधून हे भोक काढले. आत जागा हवी, बिनतारी काळ आला, अशी कारणे दिली आणि या कृत्याला 'धैर्य' म्हटले! आधी एकदोघांनी तसे केले होते, पण गाजावाजा याचाच झाला. त्याच दिवशी बिनतारी एअरपॉड्सही जाहीर झाले. हिंदुस्थानात किंमत १५,४०० रुपये. धैर्य कोणाला लागणार होते, ते यावरून कळावे. त्यांची थट्टा करणाऱ्या सॅमसंगने २०१९ साली नोट १० मधून भोक काढले. ॲपलच्या टॅब्लेटांतही २०१८ साली आयपॅड प्रोचे आणि २०२२ साली साध्या आयपॅडचे गेले.

गाण्याचे सोडा. मोबाइलमधला एफ. एम. रेडिओ लागतो तो बहुधा त्या वायरीच्याच जोरावर. तीच त्याची एरियल. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेने वाळवे तालुक्यातल्या काठच्या गावांना वेढा घातला, तो आम्ही पाहिला आहे. वीज जाऊन मोबाइलचे मनोरे मुके झाले तरी रेडिओ बोलू शकतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना फोनमध्ये एफ. एम. ठेवा, असे सुचवले ते आपत्तीच्या विचारानेच. पण वायर खुपसायची कुठे?

असो. टपरीवाल्याने शेवटी बोटभर लांबीचा एक जोड काढून दिला. एक टोक नव्या भोकात जाणारे, दुसऱ्या टोकाला तेच जुने भोक. मावशींनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "आन् ह्यो हरवला तर रं?"

आठव्या दिवशी हरवला.